पालकांचा नकार

माझं खरं नाव गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. सरकारी योजनेत मी आशा, म्हणून मोठ्यांसाठी आशाताई. लहान पोरांसाठी सुईवाली. गंगाखेडहून जीपने अर्ध्या तासावरच्या या गावात गेली पंधरा वर्षं मी गरोदर बायकांना दवाखान्यात नेते, बाळांची वजनं करते, पोलिओचे थेंब पाजते, गोळ्या वाटते. पोरांच्या लक्षात मात्र एकच गोष्ट राहिली. तापाचं लेकरू दिसलं की मी त्याचं बोट धरायची, स्पिरिटचा बोळा फिरवायची, सुई टोचायची आणि रक्ताचा थेंब घ्यायची. हिवताप आहे की नाही हे कळायला तेवढाच एक रस्ता होता. टोचणं डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातं, पण हे दोन वर्षांच्या पोराला कोण समजावणार?

मी गल्लीत शिरले की पोरं बाजेखाली शिरायची. आया तर माझा पुरेपूर वापर करून घ्यायच्या. घास खात नसेल, आंघोळीला येत नसेल, की लगेच "गप बस, न्हाईतर सुईवाली आली बघ." मी दारात उभी असताना म्हणायच्या, वर मलाच डोळा घालायच्या. मी हसायची. आतून लागायचं. मला मूलबाळ नाही. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचा याच्याशी संबंध आहे, आणि तो संबंध दुसऱ्या कुणी मला जोडून दाखवलेला मला खपणार नाही.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळा उताराला लागला असताना, आरोग्य केंद्रावर आम्हा सगळ्या आशांची बैठक होती. नेहमीप्रमाणे कुठला तरी नवा तक्ता भरायला देणार म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घालून बसले होते. पण त्या दिवशी एका वैद्यकीय कॉलेजातून दोन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी खोक्यातून एक काडी काढली. काडीच्या टोकाला स्पंजचा छोटा गोळा. ही काडी लेकराच्या गालात धरायची, थुंकीने भिजली की बाटलीतल्या औषधात पिळायची आणि त्यात कागदाची पट्टी बुडवायची. वीस मिनिटांत पट्टीवर एक रेघ आली तर हिवताप नाही, दोन आल्या तर आहे. सुई नाही, रक्त नाही, रडारड नाही.

मी आठ्या कधी काढल्या ते मलाच कळलं नाही.

त्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बोट वर करून दोनदा बजावलं. "ही पट्टी अजून परीक्षेला बसली आहे, पास झालेली नाही. म्हणून प्रत्येक लेकराची दोन्ही तपासणी करायची. आधी थुंकी, लगेच रक्त. औषध द्यायचं की नाही ते रक्तावर ठरवायचं. थुंकीवर नाही." मग प्रत्येकीला फॉर्मचं बाड दिलं. त्यात वर लेकराची माहिती, मधे थुंकीचा निकाल, खाली रक्ताचा निकाल आणि अगदी तळाला एक चौकोन. एखाद्या आईबापाने सुई टोचू दिलीच नाही, तर त्या चौकोनात खूण करायची. चौकोनापुढे छापलं होतं, 'पालकांचा नकार'.

फॉर्मवर 'लाळनमुना' असा शब्द होता. मी पहिल्याच दिवशी पारावर तो जसाच्या तसा वाचून दाखवला, तर एक म्हातारबाबा उठून उभे राहिले. "लाळ्या आता माणसालाबी यायलाय का काय?" लाळ्या हा जनावरांचा रोग. तोंडाला फेस येतो, खूर सुटतात. बाबांनी घरी जाऊन नातवंडांचे पाय तपासले म्हणे. तेव्हापासून मी लाळ हा शब्द सोडला आणि सरळ थुंकी म्हणायला लागले.

थुंकीचं काम पोरांना फार आवडलं. थुंकू नको म्हणून ज्यांच्या पाठीत आजवर धपाटे बसले, त्यांना आता खुद्द सरकारच थुंक म्हणत होतं. ज्यांना ताप नव्हता तीही रांगेत उभी राहायची. एकाची काडी भिजून आली ती नारंगी. अर्धा तास आधी काही खायचं नाही असं सांगूनही पठ्ठ्या बर्फाची पेप्सी चोखून आला होता, आणि नाही म्हणून आईची शपथ घेत होता, जीभ नारंगीच. पोरं त्या काडीला लॉलीपॉप म्हणायची. मला बघून बाजेखालून बाहेर यायची. एक चिमुरडी तर गल्लीभर माझा पदर धरून चालली. मला त्याचं किती सुख झालं ते सांगताना आज लाज वाटते, पण झालं खरं.

अडचण पुढची होती. काडी चोखून झाली, लेकरू खूश झालं, की मला पिशवीतून सुई काढावी लागायची. मग तेच लेकरू माझ्याकडे असं बघायचं की मी त्याला गोड बोलून विहिरीत ढकललंय. एक पाच वर्षांचा मुलगा बोट चोखत मला म्हणाला, "तुमी लबाड हाव." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नुसती सुई होती तेव्हा मी निदान उघड वैरीण होते. तरी मी नेमाने दोन्ही तपासण्या करत राहिले. एकाही लेकराची सुई चुकवली नाही, एक सोडून.

ते घर गावाच्या टोकाला, उसाला लागून. घरात सासू, तिचा एकुलता मुलगा, सून आणि अडीच वर्षांची नात. मुलगा आणि सून दोघं पूर्वेकडे जंगलातल्या रस्त्याच्या कामावर होते. लेकरू त्यांच्यासोबतच असायचं. सोयाबीन काढायला आले म्हणून आठ दिवसांपूर्वी तिघं गावात परतली होती. जंगलातून आलेलं माणूस आणि अंगात ताप, म्हणजे आधी हिवतापच धरायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. हेही इथे लिहून ठेवते.

सून बावीस-तेवीसची असेल. शाळा चौथीत सुटलेली, अक्षरं लावून लावून वाचायची. दारात मला बघताच म्हणाली, "ताई, बरं झालं आल्या. लेकराचं अंग कालपसून लय तापायलंय. मधीच हीव भरून येतंय." सासू हातात विळा घेऊन शेताला निघायच्या घाईत होती. "काय बघायचं ते बिगीबिगी बघा बाई, तिकडं सोयाबीन फुटायलंय," म्हणाली आणि चपला घालून, शेतात आधीच गेलेल्या मुलामागे निघून गेली. ती वाईट बाई नव्हती. सोयाबीन खरंच फुटायला आलं होतं, उशीर झाला की शेंगा तडकून दाणे रानात सांडतात.

लेकरू आईच्या मांडीवर होतं. गाल लाल, ओठ सुकलेले. मी पिशवी खाली ठेवली तर त्याने माझ्याकडे हात पसरले. हे पोर गावात वाढलेलं नव्हतं. मी कोण, लोक मला काय म्हणतात, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याची मावशी माझ्यासारखी दिसत होती म्हणे, त्यामुळे ते मला "माऊ, माऊ" करत सरळ माझ्या मांडीवर येऊन बसलं आणि डोकं छातीला लावलं. त्याच्या डोक्याची ऊब मला पोलक्यातून भाजत होती. पंधरा वर्षांत तापाचं एकही लेकरू आपणहून माझ्याकडे आलं नव्हतं.

मी काडी काढली. लेकराने ती दोनदा चावली, थू करून टाकली, रडलं. मी नवी काडी काढली. तोंड कोरडं ठाक पडलेलं, भिजणार कशी? तेवढ्यात शेजारच्या घरून हाक आली. तिथल्या पोराची पट्टी मी औषधात बुडवून ठेवली होती आणि वीस मिनिटं होत आली होती. मी लेकराला आईकडे दिलं, काडीही तिच्या हातात दिली. म्हटलं, "गालात धरून ठेव. जोर करू नको. भिजली की हाक मार." शेजारी जाऊन पट्टी बघितली, लिहिलं, परत आले. काडी चांगली चिंब भिजली होती. मी सुनेला शाबासकीसुद्धा दिली.

पट्टीवर एकच रेघ आली. मी पट्टी उजेडात धरून तीनदा बघितली. एकच.

आता सुई. मी लेकराचं बोट हातात घेतलं. ते पुन्हा माझ्या मांडीवर येऊन पेंगुळलं होतं, आणि त्याने माझंच बोट मुठीत धरलं. आई टोचा म्हणाली नाही, टोचू नका म्हणाली नाही. तिने नुसता लेकराचा हात सरळ करून माझ्यापुढे धरला. ती तयार होती. मीच नव्हते. मला वाटलं, पट्टी कोरी आलीय, आजवर माझ्या हातून पट्टीचा आणि रक्ताचा निकाल कधी वेगळा निघाला नाही, मग या झोपलेल्या जिवाला कशाला रडवू? म्हणजे हे मी मनाला सांगितलं. खरं कारण असं, की ते जागं होऊन माझ्याकडे इतर पोरांसारखं बघेल ही भीती मला सोसवेना.

मी तापाचं औषध दिलं, पाणी पाजत राहा म्हटलं, ताप उतरला नाही तर सांग म्हटलं. उठताना फॉर्म भरला. रक्ताच्या निकालाची जागा रिकामी ठेवता येत नव्हती. मी तळाच्या चौकोनात खूण केली. पालकांचा नकार. आई समोर बसून माझ्या पेनकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा धावत आला. लेकराने डोळे फिरवले होते, हातपाय ताठ झाले होते. मी अॅम्ब्युलन्सला फोन लावला, फॉर्मची पिशवी खांद्याला अडकवली आणि तशीच अनवाणी त्यांच्या घरी पळाले. गाडीत लेकरू सासूच्या मांडीवर आणि आई खाली, लेकराचे पाय पोटाशी धरून. तालुक्याच्या दवाखान्यात बोटाला सुई टोचली तेव्हा ते रडलंच नाही. पंधरा मिनिटांत निकाल आला. हिवताप, तोही मेंदूला जाणारा. तिथे इंजेक्शन सुरू करून त्यांनी लगेच परभणीला पाठवलं.

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात लेकराला आत नेलं आणि आम्ही चौघं बाहेर उभे राहिलो. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आले. ताप कधीपासून, कुठे राहत होतात, कुणी बघितलं होतं, असं विचारत गेले. आमच्या तपासणीचा नियम असा की लेकरू दवाखान्यात गेलं तर त्याचा फॉर्म सोबत न्यायचा. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो खालपर्यंत वाचला.

"रक्त तपासू दिलं नाही? नकार कुणी दिला?"

सासूने फॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सुनेकडे. घरात त्या वेळी लेकराजवळ कोण होतं ते तिला ठाऊक होतं. "तू नको म्हणलीस?" तिने विचारलं. आवाज बारीक होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

माझ्या तोंडात शब्द आले होते. ती नाही म्हणाली नव्हती, मी लिहिलं. एवढेच शब्द. माझी आशाची जागा जाईल, गावात तोंड दाखवता येणार नाही, लेकरू गेलं तर माझ्या दारात लोक येतील, हे सगळं एका दमात डोक्यातून गेलं. मी फरशीकडे बघत राहिले.

"व्हय," सून म्हणाली. "मीच नको म्हणलं."

मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत नव्हती, बंद दाराकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, "तीन दिवस वाया गेले, बाई. पहिल्या दिवशी कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं." आणि आत गेले. नवरा भिंतीला टेकून खाली बसला. सासूने पदर तोंडात कोंबला. सुनेच्या जवळ कुणी गेलं नाही. मीसुद्धा गेले नाही. ती खोटं का बोलली, ते मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते त्या वेळी कळून घ्यायचंही नव्हतं. सुटले, एवढंच मनात आलं. असं मनात येणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

पाच दिवस लेकरू शुद्धीवर नव्हतं. मी रोज सकाळच्या एसटीने परभणीला जायची. सुनेच्या नवऱ्याला डबा द्यायची, दाराच्या काचेतून आत बघायची आणि परत यायची. सासू कुणाशीही बोलताना एकच वाक्य म्हणायची. "आईनंच सुई टोचू देली न्हाई हो." शेजारच्या खाटेवरच्या बायका सुनेकडे वळून बघायच्या. मी प्रत्येक दिवशी ठरवायची, आज सांगायचं. प्रत्येक दिवशी लेकराचं कारण पुढे करायची, की ते आधी डोळे उघडू दे. सहाव्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून रडले. आणि त्या दिवशीही सांगितलं नाही.

लेकरू घरी आलं. चालताना दोन महिने झोकांड्या खायचं, मग तेही सावरलं. कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या लेकराची पट्टी चुकली, अशी पट्टीच्या नावावर नोंद झाली होती. मीही पट्टीलाच शिव्या देत होते. तेवढाच आधार.

दिवाळीनंतर एका सकाळी सून माझ्या दारात आली. कडेवर लेकरू, पदरात चार वाळकं. आमच्याकडे ही फळं काकडीसारखी कच्चीच खातात. शेतातली शेवटची होती म्हणाली. लेकरू खाली उतरलं आणि अंगणातल्या कोंबडीमागे लागलं. मी पाणी दिलं. तिने पेला हातातच धरून ठेवला.

"ताई, तुमी माझी लाज राखली," ती म्हणाली. "जल्मभर इसरणार न्हाई."

मला वाटलं ती टोमणा मारते आहे. पण तिचे डोळे भरले होते.

"तुमी समदं बघितलं व्हतं, मला ठावं हाय. लेकराचं तोंड कोरडं पडलं व्हतं. काडी भिजंना. ते चावायचं, रडायचं. मंग म्या काडी माझ्या तोंडात धरली. मला वाटलं, आईची थुंकी काय अन् लेकराची काय, एकच की. माझंच दूध पितंय अजून. घास बी माझ्याच तोंडातला चावून देते. कुठं खरचटलं तरी सकाळची शिळी थुंकी लावते. मला काय म्हाईत, ताप बी येगळा येगळा असतोय म्हून. दवाखान्यात पट्टीत काई निघालं न्हाई म्हणले, तवा माझ्या ध्यानात आलं. तुमी तर हुशार, तुमी तवाच वळखलं असंल. पण तुमी तसं लिव्हलं न्हाई. आईनं आपली थुंकी देऊन लेकराला फसवलं, असं लिव्हलं असतं तर ह्यांनी मला घरात ठिवलं नसतं. तुमी नुसतं सुईला नको म्हणली, असं लिव्हलं. म्हून मी बी व्हय म्हणले."

मी ओट्यावर बसले. म्हणजे इतके दिवस ही बाई सासूचे बोल, नवऱ्याचा अबोला आणि परक्या बायकांच्या नजरा झेलत होती, आणि मनात माझे उपकार मानत होती. तिला वाटत होतं, मी तिला झाकायला खोटं लिहिलं. मी झाकत होते ते स्वतःला. तिची चूक अशी होती की ती कुठल्याही आईने केली असती, आणि काडी तिच्या हातात देऊन निघून गेले होते ती मीच. माझ्या चुकीला असा कुठलाच आडोसा नव्हता.

"मला तुझ्या थुंकीचं काही ठाऊक नव्हतं," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू येईना, म्हणून पुन्हा म्हणाले. "मी काही बघितलं नव्हतं. सुई टोचायचीच होती, नियम होता. रक्त बघितलं असतं तर तुझ्या थुंकीने काही बिघडलं नसतं, त्याच दिवशी ताप सापडला असता. तू लेकराचा हात पुढे केला होतास. माझं मन झालं नाही. आणि स्वतःवर यायला नको म्हणून मी तुझा नकार लिहिला."

तिने पेला दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "दवाखान्यात सासूबाई मला इचारायल्या तवा तुमी तिथंच व्हत्या की."

"होते."

"मंग कामून न्हाई बोलल्या?"

मी भ्याले, असं म्हणाले. दुसरं काय सांगणार? तिने पेला खाली ठेवला, त्यातलं पाणी तसंच होतं. कोंबडीमागे धावणाऱ्या लेकराला उचललं आणि गेली. मागे वळून बघितलं नाही.

त्याच दिवशी मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. पट्टी चुकली नव्हती, हेही सांगितलं. त्या रागावल्या, आणि रागावायलाच हव्या होत्या. मग एवढंच म्हणाल्या की यापुढे काडी आशाने स्वतः लेकराच्या तोंडात धरायची, आईच्या हातात द्यायची नाही, असा नवा नियम सगळ्या गावांना जाईल. माझं तपासणीचं काम सहा महिने काढून घेतलं गेलं. जागा राहिली. ती कशी राहिली, याचं मला आजही नवल वाटतं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सासू सोयाबीनचं भुसकट झाडत होती. मी तिच्यासमोर, तिचा मुलगा ऐकत असताना सांगितलं की सुनेने सुईला नको म्हटलंच नव्हतं, मी खोटं लिहिलं. सासूने झाडणं थांबवलं. मग तिने मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही जास्तीचा नव्हता. शेवटी म्हणाली, "मंग ही व्हय कामून म्हणली?" सून चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मी म्हणाले, "घाबरली असेल, काकू. लेकरू तसं आत पडलेलं." थुंकीची गोष्ट तिची होती. ती मी त्या घरात कधीच काढली नाही. इथे लिहिली, तीही तिला विचारून.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. रस्त्यात भेटली तर बाजूने जायची. लेकराची लस असली की सासूला पाठवायची. मी तक्रार कुणाकडे करणार? गावात काहींनी मला खूप बोलून घेतलं, काहींनी आपणहून कबूल केलं म्हणून बरं म्हटलं. मला कशानेच बरं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी, पुन्हा पावसाळा सरताना, मी तपासणीच्या कामावर परत आले होते. थुंकीच्या पट्टीची परीक्षा अजून चालूच होती. एका सकाळी अंगणवाडीच्या ओट्यावर मी पिशवी उघडून बसले होते, तेवढ्यात ती आली. लेकरू आता साडेतीन वर्षांचं, आईचा हात धरून चालत. डोळे तापाने चकाकत होते. ती समोर मांडी घालून बसली, लेकराला मांडीवर घेतलं आणि मी काडी त्याच्या गालात धरली तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत राहिली. काडी भिजली. मग तिने लेकराची मूठ उघडून एक बोट सरळ केलं आणि घट्ट धरून माझ्यापुढे आणलं.

मी टोचलं. लेकरू किंचाळलं, आईच्या कुशीत तोंड खुपसून रडलं, आणि नंतर माझ्याकडे बघेना. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. वीस मिनिटं आम्ही दोघी समोरासमोर बसलो. पट्टीवर एक रेघ आली, रक्तातही काही निघालं नाही. साधा ताप होता. मी फॉर्म काढला.

"लिव्हा," ती म्हणाली. "माझ्यासमोर लिव्हा. अन् काय लिव्हलं ते वाचून दाखवा."

मी लिहिलं. मग फॉर्म तिच्याकडे फिरवून, एकेका ओळीवर बोट ठेवत, वरपासून वाचायला लागले. रक्ताच्या निकालापर्यंत आले आणि थांबले. तिने कागदाच्या तळाला, रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ह्ये बी वाचा," ती म्हणाली.